हयातीचा दाखला

पेन्शनर माणसाचं खरं वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं. दिवाळी मागेपुढे होईल, पण या महिन्यात आपण जिवंत असल्याचं लेखी द्यावंच लागतं. नाहीतर पुढचं पेन्शन अडकतं. आमचे आजोबा १९५७ साली, अठराव्या वर्षी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९७४ साली हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. गेले २०२३ साली. म्हणजे नोकरी १७ वर्षं आणि पेन्शन ४९. हा हिशेब ते हयात असतानाच दरवर्षी नव्याने मांडायचे. सरकार आपल्या बाबतीत किती तोट्यात गेलंय, याचा त्यांना कोण आनंद!

फौजेत जवानाची १५ वर्षं भरली की पेन्शन बसतं. त्यामुळे पस्तिशीचा धट्टाकट्टा गडी ‘पेन्शनर’ म्हणून गावात येतो आणि पुढचं अख्खं आयुष्य त्याच्या पुढ्यात पडलेलं असतं. आजोबांनी मिळालेल्या पैशांतून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पिठाची गिरणी टाकली. लोक त्यांना शेवटपर्यंत हवालदारच म्हणत, पण खरं तर त्यांनी बंदुकीपेक्षा दळण जास्त वर्षं सांभाळलं.

गिरणीतही पलटण होतीच. डबे ओळीत लागलेले असायचे, आणि एखादा जरा पुढे आला की पायाने सरकवत म्हणायचे, “दाहिने सज!” क्रम ठरलेला: आधी गहू, मग ज्वारी-बाजरी, हरभऱ्याची डाळ सगळ्यांत शेवटी. सरपंचाचं दळण असलं तरी मध्ये घुसायचं नाही. उधारी मात्र वहीत कमी आणि डोक्यात जास्त. धंदेवाईक माणूस म्हणून ते कच्चेच होते, असं माझं मत आहे. आजीचं मत याहून कडक आहे.

मला सगळ्यात आवडायचं ते दगडाला टाकी लावणं. दळून दळून गिरणीचा दगड गुळगुळीत होतो, मग पीठ नीट पडत नाही आणि गरम येतं. अशा वेळी पट्टा उतरवायचा, वरचा दगड उलटा करायचा आणि टाकी-हातोडी घेऊन त्याच्या खाचा पुन्हा उठवायच्या. आजोबा मांडी घालून बसायचे. टक, टक, टक, एक घाव इकडे नाही की तिकडे नाही. मग तळहाताने दगड चाचपायचे, डोळे मिटून. बोटाला जिथे गुळगुळीत लागेल तिथे पुन्हा टाकी. भुवयांवर पीठ आणि मिशीवर दगडाची बारीक भुकटी. काम झालं की आधी कोंडा दळून टाकायचा, म्हणजे पहिल्या भाकरीत कचकच लागत नाही.

तीस-पस्तीस वर्षं हे चाललं. त्याची किंमत पुढे बँकेत कळली.

२०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ आलं. आधारला जोडलेलं यंत्र, त्यावर बोट ठेवा, झाला दाखला. आजोबांनी आदल्या रात्री बूट चमकवले, दाढी केली, पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. हे दरवर्षीचंच. रांगेत कुणी “बसा की आजोबा” म्हटलं तरी बसायचे नाहीत. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी, लाल. दहाच्या दहा बोटं झाली. बोटांच्या रेषा दगडाने कधीच खाऊन टाकल्या होत्या. समोरचा पोरगेला कारकून घाम पुसत म्हणाला, “आजोबा, मॅच होत नाही.”

आजोबा ताठ उभे. “मग मी कोण?”

शेवटी जुन्या पद्धतीचा छापील फॉर्म निघाला. त्यात एक रकाना असतो, निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी धरली आहे का? आजोबा दरवर्षी विचारायचे, “गिरणी धरायची का?” आणि दरवर्षी उत्तर मिळायचं की नाही, ती नाही धरत. मग ते ठसक्यात सांगायचे, “लिहा, निरंक.” एवढा गिरणीचा पसारा, तीन मुलांची शिक्षणं, दोन लग्नं, एक घर, सगळं त्या निरंकमध्ये.

लढाईचंही कागदावर फार काही नाही. १९७१ च्या डिसेंबरात ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या, म्हणजे जंगी पलटणीबरोबर पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होते. तिथल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याने शरण येण्याच्या पत्राला उत्तर म्हणून कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी पाठवली, हा किस्सा मी पुढे वाचला. आजोबांना विचारलं तर म्हणाले, “असेल. माझ्या टाचेला फोड आलता.” मग त्या फोडाचं वर्णन पाऊण तास.

ऐंशी पूर्ण झाल्यावर त्यांना नवा विषय मिळाला. ऐंशीपासून मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढतं, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला थेट दुप्पट. हे कळल्यापासून ते रोज सकाळी देवळापर्यंत चालायला लागले. दळणाच्या धंद्यात कधी दिसला नाही असा नफ्याचा डोळा इथे दिसला. “शंभर गाठायचे,” म्हणायचे, “पैसे दुप्पट करून देणारी अशी योजना दुसरी नाही.”

गेले चौऱ्याऐंशीव्या वर्षी. दहाव्याला आजी रडता रडता थांबून म्हणाली, “पंच्याऐंशीचे तेवढे घेऊन तरी जायचं.”

आजीचा संसार हा वेगळाच हिशेब. ते फौजेत असताना वर्षातून दोन महिने सुट्टी, तीही मे-जूनमध्ये, पेरणीला धरून. त्यामुळे माझे बाबा आणि दोन्ही आत्या, तिघांचे वाढदिवस फेब्रुवारी-मार्चात येतात आणि यावर घरात कुणी जाहीर बोलत नाही. बाकीचे दहा महिने मनीऑर्डर यायची आणि सासू-सासरे, गुरं, तीन पोरं आजीकडे.

आता कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या नावावर आहे, म्हणजे नोव्हेंबर तिचा. आता मोबाइलवर चेहरा दाखवला तरी चालतो. मागच्या खेपेला ती नवं लुगडं नेसून, कुंकवाच्या जागी बुक्का लावून समोर बसली. मी एकेक रकाना वाचत होतो. पुन्हा नोकरी? नाही. मग पुढचा प्रश्न आला आणि मी जरा अडखळलो.

“काय म्हणतंय?”

“पुनर्विवाह केलाय का, असं विचारलंय.”

आजीने मोबाइलकडे नीट बघितलं. “एकदा केला, त्यात सतरा वर्षं वाट बघण्यात गेली आणि पुढची पीठ झाडण्यात,” ती म्हणाली. “लिही, निरंक.”