जांभ्याची कटकट आणि बैलांचे नाल

गेल्या डिसेंबरात मी आणि माझा मित्र मेटल डिटेक्टर घेऊन कोकणातल्या अंजनवेलच्या बाजूला त्याच्या मामांच्या रानात दोन दिवस फिरलो. खाली काजू, वर सड्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारापर्यंत, ऐन-किंजळीचं जंगल, करवंदीच्या जाळ्या आणि मधेमधे पडके गडगे, म्हणजे दगड रचून घातलेले बांध. खाडीपलीकडे दाभोळ, एवढं जुनं बंदर, त्यामुळे डोक्यात शिवराईच घोळत होती, शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसरीकडे छत्रपति.

मामांना आधीच विचारलेलं. मित्र कायद्याला पक्का आहे, जमिनीत पुरलेलं १० रुपयांच्या वरचं काही मिळालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवायचं आणि संरक्षित किल्ल्यात मशीन न्यायचंच नाही. मलाही हे मनापासून पटतं, कारण वस्तू एकदा उपटली की ती कुठे, कशाशेजारी पडली होती ते कायमचं जातं. देवराईतही आम्ही पाय टाकला नाही.

पण पहिला दिवस पूर्ण फुकट गेला. आपल्या जांभ्या दगडात लोखंड भरलेलं असतं, माती लाल त्यामुळेच, आणि मशीन त्या मातीवरच ओरडत सुटतं. ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे मोकळ्या जागेवर कॉइल वर-खाली हलवत आवाज सारखा होईपर्यंत थांबायचं, आणि दहा पावलांवर कातळ लागला की पुन्हा तेच. वर पातेऱ्यात फुरसं असेल ही भीती, म्हणून काठीने पाला बाजूला केल्याशिवाय हात घालत नव्हतो. मिळालं काय तर गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं आणि काडतुसाचं पितळी बूड.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की खिळे टाळायला आम्ही मशीनला लोखंड वगळायला सांगितलं होतं. मित्र म्हणाला, "अरे ते काढ, सगळं ऐकू." सेन्सिटिव्हिटी कमी केली आणि अर्ध्या तासात वीतभर खाली गंजलेला चपटा तुकडा, चंद्रकोरीसारखा, कडेला भोकं. मग तसाच दुसरा. मग तिसरा.

मामांनी हातात घेऊन लगेच ओळखलं, बैलाचा नाल! बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन तुकडे, चारही पायांना मारले तर आठ, आणि चढणीला दगडावर ते निसटायचेच. दुपारपर्यंत सात मिळाले. प्रत्येक जागी काठी रोवून मागे वळून बघितलं तर काठ्या एका ओळीत, सड्यावरून तिरक्या खाली खाडीकडे. आज तिथे वाट नाहीये, नुसतं रान आहे, पण ओझ्याचे बैल इथूनच उतरायचे हे डोळ्यांसमोर दिसत होतं आणि मला खरंच भरून आलं. शिवराई मिळाली असती तरी एवढा आनंद झाला असता का, माहीत नाही.

आठवा बीप गडग्याच्या अगदी पायात वाजला. दगड हलवायचे नाहीत म्हणून खणलं नाही, फक्त मामांना विचारलं, हा गडगा कोणी घातला?

"माझ्या आजोबांनी," मामा म्हणाले, आणि मग बराच वेळ त्या काठ्यांकडे बघत उभे राहिले.