बर्फाला स्वेटर

"स्वेटरमधला आधी वितळणार," भाचीनं छातीठोकपणे सांगितलं आणि तिच्या धाकट्या भावानं लगेच मान डोलावली. ती चौथीत, तो दुसरीत. समोर दोन बशा, दोन्हींत एकेक बर्फाचा खडा, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून तोंड बांधलेला. (पिशवी अशासाठी, की लोकर भिजली की खेळ खलास. हे मला आदल्या दिवशीच्या फसलेल्या प्रयत्नात कळलं होतं, ते मी अर्थातच मुलांना सांगितलं नाही.) एक खडा उघडा आणि दुसरा धाकट्याच्याच जुन्या स्वेटरमध्ये बाळासारखा गुंडाळलेला.

पाऊण तासानं पाहिलं. उघड्या पिशवीत नुसतं पाणी, त्यात तरंगणारी एक पातळ चकती. स्वेटर उलगडला, तर आत खडा ठणठणीत. कडा तेवढ्या गोल झालेल्या. भाची गप्प झाली. धाकट्यानं स्वेटर उलटा करून आत पाहिलं, बाही झटकली आणि गंभीरपणे विचारलं, "मामा, स्वेटर बिघडलाय का?"

मला हसू आलं, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. जन्मापासून त्याच्या कानावर हेच पडलंय, की स्वेटर घाल म्हणजे ऊब येईल. पांघरूण गरम असतं आणि मोजे पाय तापवतात. मग असला गरम स्वेटर बर्फाला घातल्यावर त्यानं बर्फ वितळवायला नको? आणि थंडी तर मराठीत चालतीबोलती बाईच आहे. ती येते, वाजते, अंगात भरते, खिडकी उघडी राहिली तर आत शिरते. पदार्थविज्ञानाला विचाराल तर ही बाई अस्तित्वातच नाही. उष्णता तेवढी आहे, आणि ती गरमाकडून गाराकडे जाते. स्वेटर तिला वाटेत अडवतो, म्हणजे खरं तर त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा अडवते. अंगातली उष्णता बाहेर निघाली तरी अडवणार, खोलीतली उष्णता बर्फाकडे निघाली तरी अडवणार. आत कोण आहे, माणूस की बर्फ, याची तो चौकशी करत नाही.

हा सगळा खटाटोप बहिणीच्या फर्मानामुळे. "दोघांना ते ऊर्जेचं जरा समजावून सांग," एवढं बोलून ती मोकळी झाली. माझा विज्ञानाशी संबंध बारावीला संपला, तोही काही प्रेमानं नाही. भाचीला मात्र धडा घडाघडा पाठ होता. ऊर्जेची रूपं तिनं एका दमात म्हणून दाखवली. "पण ऊर्जा म्हणजे काय गं?" "कार्य करण्याची क्षमता." "आणि कार्य म्हणजे?" ती क्षणभर थांबली. "लग्नबिग्न असतं ते."

तेव्हाच ठरवलं, की हा शब्द तूर्त बाजूला ठेवायचा. माणसांनी हजारो वर्षं शेकोट्या पेटवल्या, पाणचक्क्या फिरवल्या, आणि 'एनर्जी' हा शब्द आजच्या शास्त्रीय अर्थाच्या जवळपास पहिल्यांदा वापरला थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं, १८०७ च्या सुमारास. इतकी पिढ्यान्‌पिढ्या माणसं ज्या शब्दावाचून अडली नाहीत, तो नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्याच ओळीत कशाला हवा?

त्यापेक्षा तळहात बरे. "घासा जोरात." दोघांनी घासले. "गरम झाले!" मग ही उष्णता आली कुठून? भाची म्हणाली, "हातातच होती, घासल्यावर बाहेर आली." हे उत्तर ऐकून मी चाट पडलो. कारण अठराव्या शतकातली भली भली माणसं हेच म्हणत होती. उष्णता हा वस्तूत मुरलेला एक अदृश्य द्रव आहे असं मानत. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली, तिच्यात ऑक्सिजनच्या शेजारी या द्रवालाही मानानं बसवलंय. मग म्युनिकच्या कारखान्यात तोफांना भोक पाडण्याचं काम बघताना काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाला शंका आली. त्यानं मुद्दाम बोथट हत्यार लावलं, तोफेच्या नळीभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांकरवी ते यंत्र फिरवत ठेवलं. अडीच तासांनी पाणी उकळलं. खाली विस्तव नाही, काही नाही! बघणारे थक्क झाले. आणि घोडे चालतील तोवर उष्णता निघतच राहणार होती. साठवलेला द्रव असता तर कधीतरी संपला असता. १७९८ साली त्यानं हे मांडलं.

मुलांना मी तोफेची गोष्ट सांगितली. धाकट्याला घोड्यांचं वाईट वाटलं. भाची मात्र पुन्हा तळहात घासत बसली, थांबत, घासत, थांबत. "संपत नाहीये," ती म्हणाली. "पण हात दुखतायत." मला वाटतं, धड्यातल्या सगळ्या व्याख्यांपेक्षा हे वाक्य ऊर्जेच्या जास्त जवळ गेलं.

स्पर्शाच्या खोटेपणावर फार वेळ घालवला नाही. लोखंडी खुर्ची गार लागते, शेजारची लाकडी लागत नाही, आणि थर्मामीटर दोन्हींवर एकच आकडा दाखवतो. लोखंड हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, लाकूड रमतगमत. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात आणि नंतर दोन्ही कोमट पाण्यात, हा खेळही झाला. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं सतराव्या शतकातच नोंदवलेला आहे तो. एकच पाणी एका हाताला गार, दुसऱ्याला गरम! यावर दोघांचं भांडण झालं, आणि ते भांडण एकाच माणसाच्या दोन हातांत आहे हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

विजेची पाळी आली तेव्हा आधी दम दिला, की भिंतीतल्या सॉकेटच्या वाटेला जायचं नाही. आपली वीज या सेलमधली, दीड व्होल्टची. आकाशात चमकते तीही वीज, भिंतीत असते तीही वीज आणि या बोटभर सेलमध्येही वीजच. तिन्ही एकच आहेत हे मराठीत वेगळं सांगावं लागत नाही, भाषेनंच सांगून ठेवलंय. पण तिघींच्या जोरातला फरक ती सांगत नाही, म्हणून दम.

टेबलावर एक सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा. बल्ब लावून दाखवायचा. हे मी दोन मिनिटांत करणार होतो. सेलच्या टोकाला वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला बल्बचं बूड. नाही लागला. सेल उलटा केला. नाही. "सेल संपला असेल," मी म्हणालो, कारण मोठ्या माणसाला काहीतरी म्हणावंच लागतं. माझ्या डोक्यात नळ होता, हे नंतर कळलं. नळाला पाइप लावला की दुसऱ्या टोकाला पाणी येणारच!

तोवर धाकट्यानं वायर उचलून तिची दोन्ही टोकं सेलच्या दोन्ही बाजूंना दाबून धरली होती. "मामा, ही तापली!" मी घाईघाईनं सोडवली. शॉर्ट सर्किट. पण त्याच्या बोटांना जे कळलं ते मला पाटी-पेन्सिल घेऊन सांगता आलं नसतं. सेल संपलेला नव्हता. वायर दोन्हीकडे जोडली तरच काहीतरी घडतं. आणि विजेतून उष्णता निघते.

बल्ब अखेर भाचीनं लावला. बल्बचं बूड थेट सेलच्या वरच्या टोकावर टेकवलं, वायर सेलच्या तळापासून वर आणून बल्बच्या आट्यांच्या धातूला चिकटवली. पिवळा ठिपका उजळला. बल्बला दोन दारं असतात, एक बुडाशी आणि एक कडेला, हे मला या वयात कळलं.

"पण वीज सेलमधून बल्बपर्यंत इतक्या लवकर कशी पोचते?" मग कपडे वाळत घालायची दोरी काढली, टोकं बांधून मोठं कडं केलं. तिघं गोल बसलो, दोरी प्रत्येकाच्या सैल मुठीतून जाणारी. मी सेल. मी ओढायला लागलो की सगळी दोरी एकदम हलते, माझ्या हातातला भाग त्यांच्यापर्यंत पोचायची वाट कुणी बघत नाही. तारेतले इलेक्ट्रॉन असेच आधीपासून तारेत बसलेले असतात. बटण दाबलं की सगळे एकदम निघतात, पण चाल कशी, तर अशा साध्या वायरीत सेकंदाला मिलिमीटरसुद्धा नाही. मुंगी त्यांना सहज मागे टाकेल. भाचीचा यावर विश्वास बसला नाही. माझाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा बसला नव्हता.

मग धाकट्याला म्हटलं, मूठ घट्ट आवळ. दोरी सरकली आणि तो ओरडला, "भाजलं!" बल्ब कोण, हे सांगावं लागलं नाही. दोरी जेवढी आत गेली तेवढीच बाहेर आली, बल्बनं दोरी खाल्ली नाही. गेला तो माझ्या दंडातला जोर.

इथवर माझी गाडी रुळावर होती. मग भाचीनं विचारलं, "ऊर्जा नष्ट होत नाही असं धड्यात आहे. आणि त्याच धड्याखाली लिहिलंय, ऊर्जा वाचवा. नष्ट होत नाही तर वाचवायची कशाला?"

मी पाणी प्यायला उठलो. परत येऊन चेंडू सोडून दाखवला, तो दर उडीला कमी उसळतो, उरलेली ऊर्जा जमीन, हवा आणि चेंडू यांना किंचित तापवण्यात जाते, वगैरे. तिचं समाधान होईना. मग तिच्या तुटलेल्या माळेची आठवण काढली. मणी सगळे घरातच आहेत ना? कपाटाखाली, सतरंजीत, खाटेमागे. एकही हरवलेला नाही. पण गळ्यात घालता येते का? ऊर्जेचं शेवटी असंच होतं. काहीही करा, ती थोडी थोडी उष्णता होऊन आसपास विखुरते. असते सगळी, पण पुन्हा ओवून घ्यायला अवघड. तिनं विचार केला. "म्हणजे ऊर्जा नाही, माळ वाचवा असं लिहायला हवं," ती म्हणाली. मी काही बोललो नाही.

रात्री आवरताना सेल कुठे दिसेना. टेबलाखाली, डब्यात, कुठेच नाही. शेवटी बिछान्याजवळ धाकट्याचा तो स्वेटर दिसला, गोल गुंडाळलेला, दोन्ही बाह्यांची वर गाठ मारलेली. गाठ सोडली तर आत सेल. सकाळी विचारल्यावर तो म्हणाला, "तूच म्हणालास ना, स्वेटर बाहेर जाऊ देत नाही म्हणून."