पट्टी उतरवलेलं पान

जुन्या हस्तलिखितांवरून नोटेशन कॉम्प्युटरवर उतरवणं हे माझं काम, पॅरिसमध्ये राहून गेली कित्येक वर्षं हेच करतेय. मागच्या महिन्यात एक काम संपलं पण त्यातलं एक पान काही डोक्यातून जात नाहीये.

काम फ्रेंच नाटककार रासीनच्या 'एस्तेर' नाटकातल्या कोरसचं, म्हणजे समूहगानाचं होतं. राणी एस्तेर आपल्या ज्यू लोकांना कत्तलीतून वाचवते ती बायबलमधली गोष्ट, आणि हे नाटक १६८९च्या जानेवारीत पहिल्यांदा झालं ते सँ-सीरच्या मुलींच्या शाळेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या पैशावर त्याच्या दुसऱ्या बायकोने, मादाम द मँतनोंनी चालवलेली शाळा, परिस्थिती खालावलेल्या सरदार घराण्यांतल्या २५० मुली, लहानपणी आणून सोडलेल्या आणि वीस वर्षांच्या होईपर्यंत तिथेच. घरच्यांची भेट क्वचित. नाटकात पुरुषांची कामंसुद्धा मुलींनीच केली. संगीत जाँ-बातिस्त मोरोचं. रासीनने प्रस्तावनेत त्या संगीताची मनापासून तारीफ केलीय पण मोरोचं नाव कुठेच लिहिलं नाही, आणि ते वाचलं की मला दर वेळी राग येतो.

संगीत त्याच वर्षी छापलंही गेलं होतं. आमच्याकडे आली ती हाताने लिहिलेली, नंतरच्या काळातली प्रत. अशा प्रतीत स्वर लिहायच्या पाच रेघा एकदम मारायला पाच टोकांची लेखणी वापरायचे, त्यामुळे रेघांमधलं अंतर पानोपानी सारखंच येतं. आणि प्रत्येक ओळ संपली की शेवटी एक छोटीशी वाकडी खूण असते, पुढच्या ओळीचा पहिला स्वर कुठला ते सांगणारी. गाणाऱ्याची नजर पान उलटायच्या आधीच तिथे पोचते. हल्लीच्या छपाईत ही खूण नसते, मला तिची फार सवय झालीय.

पहिल्या अंकात कोरस जॉर्डन नदीच्या काठांना हाक मारतो आणि मग एक मुलगी एकटी गाते, सियोन (म्हणजे जेरुसलेम), तुझी तटबंदी पुन्हा उभी राहिलेली मी कधी पाहीन. कोरसच्या पानाच्या शेवटची खूण वरचा स्वर दाखवत होती आणि पान उलटलं तर सोलो चार स्वर खाली सुरू. आमच्या संपादकांनी स्कॅन बघून लगेच सांगून टाकलं की लिहिणाऱ्याची चूक आहे, छापील प्रतीवरून दुरुस्त कर. त्यांना सगळं लवकर हातावेगळं करायचं असतं.

मी आधी रेघा मोजल्या. या पानावरचं अंतर किंचित जास्त, म्हणजे लेखणी दुसरी, पान नंतर घातलेलं. मग खालचा बेस तपासला, म्हणजे साथीसाठी लिहिलेली खालच्या सुरांची ओळ, जिच्यावरचे आकडे साथीदाराला कुठले स्वर जोडीला वाजवायचे ते सांगतात. पट्टी उतरवली, म्हणजे सगळं गाणं खालच्या सुरात आणलं, की बेसवरचे आकडे तेच राहतात पण त्यांच्या जोडीची शार्प-फ्लॅटची (स्वर अर्धा चढवणारी-उतरवणारी) चिन्हं बदलावी लागतात, आणि ती सगळी बदललेली होती, एकही चुकलं नव्हतं. सोलो संपल्यावरची खूणसुद्धा परत मूळ पट्टीतल्या कोरसवर बरोबर बोट ठेवते. ही चूक नाहीच. कुणीतरी सबंध सोलो विचार करून खाली आणलाय.

हे बघताना मला आमच्या शाळेचं गॅदरिंग आठवलं. माझा आवाज काळी चारला चढत नव्हता तर बाईंनी काही न बोलता पेटी पांढरी एकवर घेतली होती, बाकीच्यांचं समूहगीत होतं तसंच ठेवलं. इथेही असंच कुणा एका मुलीसाठी केलं असेल का? वरचा सूर न लागणारी पण हेच गाणं गाऊ इच्छिणारी, किंवा जिच्याकडूनच ते ऐकायचं होतं अशी? पुराव्याने सांगता येत नाही आणि संपादकांनाही मी तेवढंच सांगितलं की चूक नाही हे सिद्ध होतं, मुलगी सिद्ध होत नाही.

बरीच ईमेलं झाली. शेवटी मुख्य भागात छापील पट्टी आणि आमचं पान परिशिष्टात असं ठरलं. मला हे पटलेलं नाही. प्रत एका शाळेची असेल तर त्या शाळेत जे गायलं गेलं ते मागच्या पानांत का ढकलायचं?

परिशिष्टात मी कोरसची शेवटची ओळपण घेतलीय, तिच्या टोकाच्या त्या न जुळणाऱ्या खुणेसकट. शेवटच्या प्रुफात ती काढून टाकलेली होती, मी परत घालून पाठवलीय, अजून उत्तर आलेलं नाही.