आधी गाडी थांबताना दाखवा

रविवार, रात्री

पुण्याच्या पेशवे उद्यानातली फुलराणी ही छोटी आगगाडी 8 एप्रिल 1956 ला सुरू झाली. अशा कुठल्याही छोट्या गाडीच्या फलाटावर काही मुलं डब्याकडे धावतात आणि एखादं आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसतं. मग "गाडीला काय घाबरायचं?" म्हणत त्याला उचलून आत बसवलं जातं, आणि तिथेच बिनसतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला गाडी सुटताना दिसते. ती परत येऊन थांबणार आहे, हे त्याला कुठे ठाऊक असतं?

म्हणून पहिली 20 मिनिटं तिकीटच काढू नये. मूल कडेवरून खाली उतरायला तयार होईल इतक्या लांब उभं राहावं आणि एक अख्खी फेरी बघू द्यावी: भोंगा झाला, गाडी सुटली, झाडामागे गेली, आली, थांबली, दादा उतरला. उतरलेला दादा दिसणं सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या फेरीला मूल स्वतःच "आली!" म्हणायला लागतं, बोटाची पकड सैल होते. मग चार पावलं पुढे. पकड पुन्हा घट्ट झाली तर दोन पावलं मागे, न बोलता.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी 4 महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, वास, हलती खेळणी देऊन पाहिली. साधारण 5 पैकी 1 बाळ जोरजोरात हातपाय झाडून रडलं, आणि अशी बाळं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त आढळली. हा मुळातला स्वभाव आहे. "घाबरट" म्हटल्याने तो बदलत नाही, आणि "ती ताई बघ कशी बसली" याने तर मूल आणखी आक्रसतं.

छोट्या गाडीत मधला डबा घ्यावा. पुढे भोंगा कानाशी वाजतो, आणि डबे जोडणाऱ्या कड्यांमध्ये ढिलाई असेल तर सुटताना शेवटच्या डब्याला जास्त हिसका बसतो. मोठ्यांना सोबत बसू देतात का, आणि मूल रडलं तर मध्येच थांबवतात का, हे तिकीट काढण्याआधीच विचारावं. घोड्यांच्या चक्रात आतली रांग बरी: फेऱ्या सगळ्यांच्या सारख्याच, पण बाहेरच्या घोड्याला मोठं वर्तुळ कापायचं असतं, म्हणून तो जास्त वेगाने जातो आणि बाहेर फेकल्यासारखं वाटतं. न हलणारा बाक असेल तर पहिली फेरी त्यावरच. आकाशपाळणा या वयात नकोच. खाली माणसं चढ-उतार करत असताना पाळणा वर अधांतरी थांबतो आणि तिथून उतरता येत नाही.

घसरगुंडीबद्दल मात्र ठासून सांगायला हवं, कारण इथे चूक प्रेमापोटी होते. घाबरतंय म्हणून मुलाला मांडीवर घेऊन आईबाबा घसरतात. मुलाच्या बुटाचा रबरी तळ कडेला किंवा पत्र्याला अडकतो, पाय जागीच राहतो, आणि मोठ्या माणसाचं वजन त्याला पुढे ओढत राहतं. नडगीचं हाड असंच मोडतं. एकट्याने घसरणारं मूल हलकं असतं, पाय अडकला तर ते बहुतेक वेळा थांबतं. म्हणून बुटकी घसरगुंडी निवडावी, मुलाला एकट्याला सोडावं, आपण बाजूला चालत हात धरावा. पत्रा तापलाय का, हे आधी तळहाताने बघावं.

हवा भरलेल्या मिकीमाऊसमध्ये पंख्याची घरघर अखंड चालू असते, आणि मोठ्या मुलाने शेजारी उडी मारली की लहानगं उडतं. आत कोणी नसेल तेव्हाच, तेही काठावर.

वेळ उद्यान उघडण्याची, शक्यतो रविवार सोडून. मूल झोपून उठलेलं, थोडंसं खाल्लेलं. एका दिवशी एकच खेळ पुरे. रांगेत नंबर आल्यावर मूल मागे फिरलं तर फिरू द्यावं. तिकिटाचे पैसे वसूल करायला त्याला आत ढकललं, तर पुढल्या खेपेला ते फाटकाशीच रडतं. भोंग्याने दचकलं तर "काही नाही झालं" म्हणू नये, झालेलं असतं. "मोठा आवाज आला ना? इंजिनाचा होता," एवढं पुरतं.

घरी आल्यावर चार खुर्च्या एकामागे एक मांडाव्यात. भोंगा वाजवायचं आणि गाडी थांबवायचं काम मुलाकडे द्यावं. पुढच्या आठवड्यात तीच बाग, तीच गाडी.