हाइव्ह: पटाशिवायचा डाव
हाइव्ह या दोघांच्या खेळाला पट नाही. षटकोनी सोंगट्या जुळत जातात तोच पट. प्रत्येकाकडे 11: राणीमाशी 1, कोळी 2, भुंगे 2, नाकतोडे 3, मुंग्या 3. राणी चौथ्या खेळीपर्यंत मांडावीच लागते. तोवर आपलं काहीच हलत नाही.

नवखे हमखास चुकतात ते सलगतेत. सोंगटी उचलल्यावर क्षणभरही पोळं (म्हणजे जुळलेल्या सगळ्या सोंगट्या) तुटता कामा नये, पुढे जुळणार असलं तरी! अरुंद फटीतून मुंगीलाही सरकता येत नाही; नाकतोडा उडी मारून आत शिरतो.

माझ्या मते खरी ताकद मुंगीत. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या सोंगटीला ती बाहेरून चिकटवा: ती सोंगटी जखडते (उचलली तर पोळं तुटेल), तुमची मुंगी मोकळीच राहते. राणीच्या सहाही बाजू भरल्या, कुणाच्याही सोंगट्यांनी, की ती हरली.