काकांचं निळं, माझं वांगी : एका १६६१३ची नोंदवही

१४ जून

घड्याळ काल ठाण्याला पोचलं. काकांच्या बॅगेत, पायमोज्यात गुंडाळून, पायमोजा साबणाच्या प्लॅस्टिक डबीत. रत्नागिरीच्या घरी लोखंडी कपाटात ही डबी सात वर्षं पडून होती. पट्ट्याला अजून डांबरगोळीचा वास येतोय.

रोलेक्स सबमरिनर, मॉडेल १६६१३. ४० मिलिमीटरची स्टीलची केस, बेझल (काचेभोवतीचं फिरतं कडं) आणि चावी १८ कॅरेट सोन्याची, पट्ट्याच्या मधल्या कड्या सोन्याच्या. तबकडी निळी. म्हणजे काकांच्या म्हणण्याप्रमाणे निळी. खिडकीपाशी नेली तेव्हा मला ती सरळसरळ वांग्याच्या रंगाची दिसली, आणि माझ्या हाताला घाम फुटला. का, ते पुढे सांगते.

काका मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. १९९१च्या अखेरीस जहाज सिंगापूरला लागलं असताना घेतलं. सगळं स्टीलचं मिळत होतं, स्वस्तही पडत होतं. मग हे का? "दिवसभर इंजिनरूममध्ये स्टीलच बघायचं आणि मनगटावरही तेच?" विषय संपला.

पावती नाही, डबा नाही. म्हणून पट्टा काढून खरंखोटं पाहिलं. या काळातल्या केसला लग्जना (पट्टा धरणारी चार शिंगं) आरपार भोकं आहेत, बाहेरून सुईने पिन दाबली की पट्टा सुटतो. नव्या मॉडेलमध्ये ही भोकं बुजवली, ते मला अजिबात पटलेलं नाही. सहाच्या बाजूला लग्जच्या मध्ये नंबर आहे, एक्स अक्षराने सुरू होणारा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सात आकडी नंबर संपले तेव्हा कंपनीने पुढे अक्षर लावायला घेतलं : आर, एल, ई, एक्स. आपल्याच नावातली अक्षरं, फक्त शून्याशी घोटाळा नको म्हणून ओ गाळला. एक्स म्हणजे १९९१. काकांची आठवण आणि नंबर जुळले.

टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) ठेवलं. आतलं ३१३५ मशीन, लिफ्ट अँगल (मशीनगणिक ठरलेला, यंत्राला आधी सांगायचा कोन) ५२. तबकडी वर : दिवसाला १४ सेकंद मागे, अँप्लिट्यूड (बॅलन्स, म्हणजे आतलं झुलतं चाक, किती अंश झुलतं ते) २०५. चावी खाली धरली तर १७०. तेल सुकलंय. चालवायचं नाही, ठेवून द्यायचं.

१५ जून

काकांच्या मागण्या दोन. एक, "चकाचक करून दे." दोन, "तबकडी होती तशी निळी करून दे."

माझ्या मागण्याही दोनच, नेमक्या उलट.

पॅटिना म्हणजे काय ते मी त्यांना अर्धा तास समजावलं. जुन्या निळ्या तबकड्या अशा जांभळ्या पडतात, सगळ्या पडत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे लोक फिरतात, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे गंजच ना?" काकूंचा प्रश्न वेगळा होता. यात सोनं किती तोळे? १८ कॅरेट म्हणजे शेकडा ७५ सोनं, आपल्या ९१६च्या बांगडीइतकं नाही. शिवाय त्या काळच्या पट्ट्यात मधल्या कड्या आतून पोकळ असत. ऐकून काकूंचा रस संपला.

२२ जून

आज फक्त पट्टा. या कामावर मी अख्खा रविवार घातला, आणि सांगते, याहून समाधानाचं काम या छंदात नाही.

आधी नेहमीची परीक्षा : घड्याळ आडवं, तबकडी भिंतीकडे करून धरायचं आणि पट्टा किती खाली झुकतो ते बघायचं. नवा पट्टा ताठ उभा राहतो. हा दुसऱ्या दिवशीच्या झेंडूच्या माळेसारखा लोंबला. याला आपण 'स्ट्रेच' म्हणतो खरं, पण धातू ताणला जात नाही. कडीच्या आतून जी पिन जाते तिच्याभोवती घाम, मीठ, धूळ, वाळू जमते आणि मनगट हलेल तसं ते मिश्रण खरकागदासारखं घासत राहतं. भोकं लंबगोल होतात, पिन बारीक होते. दोन धातूंच्या पट्ट्यात हे जास्त जाणवतं कारण सोनं स्टीलपेक्षा मऊ. तीस वर्षं दोघं शेजारी बसतात, पण झिजतात आपापल्या वेगाने.

कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, लहान मुलाचा टूथब्रश. पट्टा सुटा होता म्हणून अल्ट्रासॉनिक मशीनमध्येही तीन वेळा घातला. (डोकं, म्हणजे घड्याळ स्वतः, त्यात कधीही घालू नका. नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगते. कधीही नाही.) पहिल्या फेरीत पाणी चहाच्या रंगाचं झालं. दुसऱ्या फेरीत कड्यांच्या फटीतून काळं कीट धाग्यासारखं बाहेर यायला लागलं, लाकडी टूथपिकने ओढलं की लांबच लांब येई. काका शेजारी बसून बघत होते. म्हणाले, त्यात थोडं जहाजाचं वंगणही असेल. असेलच. कीट निघाल्यावर पट्टा आणखी थोडा सैल झाला, कारण ते कीटच फटी भरून बसलं होतं! हे अपेक्षित होतं, तरी पोटात खड्डा पडला.

क्लॅस्पच्या, म्हणजे पट्ट्याच्या खटक्याच्या, आत अक्षर आणि आकडा सापडला, वर्ष आणि महिन्याची खूण. पट्टा मूळचाच.

भोकांत नळ्या बसवून पट्टा घट्ट करून देणारे कारागीर परदेशात आहेत. मी नाही करणार. तुटत नाहीये, मनगटावरून गळत नाहीये. लोंबू दे.

२९ जून

केस मोजली. व्हर्नियरने चारही लग्जची जाडी घेतली, तर उजवीकडचे दोन डावीकडच्यांपेक्षा बारीक. भोकांच्या कडाही वाटीसारख्या गोल झाल्यात, आणि त्या धारदार असायला हव्यात. बफ (घासून पॉलिश) मारलाय, आणि एका हाताने जोर देऊन मारलाय. काकांना विचारलं. हो, २००४मध्ये एका बंदरातल्या दुकानात सर्व्हिसिंगला दिलं होतं, "एकदम नव्यासारखं करून दिलं होतं त्याने." मी काही बोलले नाही. बफने ओरखडा भरून निघत नाही, ओरखड्याच्या तळापर्यंतचा धातू उडतो. हे गणित इंजिनियरला मी काय सांगायचं? पण व्हर्नियर त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः दोनदा मोजलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा मोजलं.

चकाचकची मागणी त्या दिवसापासून पुन्हा निघाली नाही. निळ्याची निघाली.

२ जुलै, रात्री

दिवे गेले आणि एक शोध लागला. मोबाइलची बॅटरी घड्याळावर मारून बंद केली, तर काटे हिरवे झगझगले आणि तबकडी काळोखात. एक ठिपका नाही.

तबकडीवर सहाच्या खाली 'स्विस'च्या जोडीला 'टी' आणि २५चा आकडा आहे, म्हणजे ट्रिटियम, उजेडासाठी लावलेलं किरणोत्सारी द्रव्य, २५ मिलिक्युरीपेक्षा कमी. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. चौतीस वर्षांत त्याचा साधारण सातवा हिस्सा उरला, आणि ज्या रसायनावर तो आदळून उजेड पाडतो तेही थकलं. तबकडी काळोखात राहणं बरोबरच आहे. चूक काट्यांची. कंपनीने नव्वदीच्या अखेरीस ट्रिटियम सोडलं, त्यानंतरचा ल्यूम (काळोखात उजळणारा लेप) या काट्यांवर आहे. म्हणजे २००४च्या त्या दुकानाने बफच्या जोडीला काटेही बदलले आणि जुने परत दिले नाहीत. दिवसा लूपमधून (डोळ्याला लावायचं भिंग) पाहिलं तर तबकडीवरचे ठिपके साईच्या रंगाचे आणि काटे पांढरे खडूसारखे. आता दिसलं ते दिसलं. डोळ्यांपुढून जातच नाही.

घड्याळ कुठेही द्या, डायल-काटे बदलायचे नाहीत आणि बदलले तर जुने परत हवेत, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी नको.

६ जुलै

फोर्टमधल्या माझ्या घड्याळवाल्यांकडे गेले. साठी उलटलेले, बोलतात कमी. झाकण उघडल्या उघडल्या त्यांनी लूप माझ्याकडे दिला. रोटरच्या (मनगट हलेल तशी फिरून घड्याळाला चावी देणारी अर्धगोल चकती) खाली पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, एक चमकदार चंद्रकोर घासली गेली होती आणि कडेला बारीक पितळी धूळ. ३१३५चं हे ठरलेलं दुखणं : रोटरचा आस सुकला की रोटर किंचित खाली लटकतो आणि मशीनला घासायला लागतो. बाकी मशीन म्हणजे बैल आहे. १९८८च्या सुमारास आलं आणि तीस वर्षांच्या आसपास कंपनीने ते वापरलं. बॅलन्सला दोन्ही बाजूंनी आधार देणारा पूल, तासाला २८,८०० ठोके, ३१ खडे, चाल मागेपुढे करायला बॅलन्सच्या रिंगवर छोट्या नट. हे बघताना मला काकांची इंजिनरूम आठवते, मी ती कधी पाहिलेली नसूनही.

आस नवा, मेनस्प्रिंग नवी, चावीची नळी आणि सगळे वॉशर नवे. पॉलिश नाही. डायल नाही. कागदावर लिहून घेतलं.

२० जुलै

घड्याळ तिकडे, म्हणून थोडी बडबड.

सोन्याचं डायव्हिंग घड्याळ हा प्रकार कित्येकांना पटत नाही, आणि त्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. सबमरिनर १९५३मध्ये आलं ते पाणबुड्यांचं हत्यार म्हणून, १०० मीटरचं. पूर्ण सोन्याचं १९७०च्या आसपास आलं, आणि स्टील-सोनं थेट ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, १६८०३. तोवर क्वार्ट्झ आलं होतं आणि खोल पाण्यात वेळ बघण्यापेक्षा टेबलावर हात ठेवण्यासाठी ही घड्याळं घेतली जात होती. दोन धातू एकत्र करायची कल्पना मात्र जुनी : 'रोलेसॉर' हे नाव रोलेक्सने १९३३मध्येच नोंदवून ठेवलं होतं. १६८०३नंतर आपलं १६६१३, ते जवळजवळ वीस वर्षं चाललं. २००९मध्ये सिरॅमिक बेझलवालं ११६६१३ आलं, २०२०मध्ये ४१ मिलिमीटरचं १२६६१३.

सिरॅमिक फिकं पडत नाही. त्यामुळे ते माझ्या कामाचं नाही.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण. स्टील-सोनं म्हटलं की लग्नात जावयाला दिलेलं घड्याळ डोळ्यांपुढे येतं. मलाही लहानपणी काकांचं घड्याळ तसंच वाटायचं, जरा मिरवणारं. पण काका ते घालून बॉयलरपाशी उभे राहिले, तेलात हात घातले, बेझल फिरवून पंपांच्या फेऱ्या मोजल्या. मिरवणं होतं, नाही असं नाही. पण घामट मिरवणं.

३ सप्टेंबर

परत आलं. तबकडी वर : +३ सेकंद, अँप्लिट्यूड २८८, बीट एरर (टिक आणि टॉकमधली तफावत, मिलिसेकंदांत) ०.१. चावी खाली २५५. घड्याळवाल्यांनी १० बारपर्यंत (साधारण १०० मीटर पाण्याइतका दाब) हवेच्या मशीनवर दाब तपासला, केस फुगली-दबली नाही. घरी मी माझी देशी परीक्षाही घेतली : घड्याळ कोमट तव्यासारख्या पाटीवर गरम करायचं आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा. आत ओल असेल तर थेंबाखाली धुकं धरतं. दोन मिनिटं श्वास रोखून बसले. काच स्वच्छ.

बेझलही सुटलं. मिठाने जाम झालं होतं, आता एका फेरीला १२० ठोके मोजून घ्या.

७ सप्टेंबर

निळ्याचा वाद. तडजोड अशी निघाली : तबकडीला हात नाही, पण बेझलमधली अ‍ॅल्युमिनियमची निळी चकती बदलायची. ती जुन्या जीन्ससारखी विटली होती, बारावरचा मोती (काळोखात उजळायचा ठिपका) लोण्याच्या रंगाचा. चकती हा झिजणाराच भाग, दाबून बसते, पुन्हा काढता येते. मला मनातून आवडलं नाही. पण निळं घड्याळ ज्याने विकत घेतलं त्याला चौतीस वर्षांनी कुठेतरी निळं दिसायला हवं, एवढं मलाही कळतं.

१९ ऑक्टोबर

चकती मिळवायला पाच आठवडे लागले. बसवली. रंग इतका गडद की क्षणभर घड्याळच दुसरं वाटलं. जुनी चकती फिल्मच्या डबीत, कापसात, वर तारखेची चिठ्ठी.

काकांना फोटो पाठवला. उत्तर आलं : "बेझल झकास. आता तबकडीच चुकीची दिसते."

८ नोव्हेंबर, रत्नागिरी

घड्याळ मालकाच्या हातात दिलं. बजावून सांगितलं : हात धुवा, पावसात जा, पण पोहायला नको. चौतीस वर्षांची केस आहे, १० बार पास झालं तरी.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. मी चपला काढेपर्यंत काका गुडघाभर पाण्यात, आणि वाकून डावा हात मनगटापर्यंत समुद्रात. मी ओरडले. "अगं, वर ३०० मीटर लिहिलंय," ते तिथूनच म्हणाले, "हे जेमतेम दोन फूट आहे."

घरी येऊन नळाखाली धुतलं, बेझल फिरवून फिरवून. काच स्वच्छ, धुकं नाही. उन्हं कलताना पाण्यातून वर काढलं तेव्हा तबकडी कुठल्या रंगाची दिसत होती ते मी पाहिलं होतं. काकांनीही पाहिलं असणार, कारण तबकडीबद्दल ते रात्रभर काही बोलले नाहीत.

बाकी काम : ट्रिटियमचे काटे, १६६१३चे, सोन्याचे, साईच्या रंगाचा ल्यूम असलेले. कुणाकडे असतील तर मला हवेत. काकांना अजून सांगितलेलं नाही.