दीड तासाची भेट

माझ्या नोकरीत मला स्वतःचे मत लिहिण्याची मुभा नाही. "आई खूश होती" असे लिहिले, तर वरिष्ठ तो कागद परत पाठवतात. "आई हसली आणि तिने मुलाला दोनदा नावाने हाक मारली" असे लिहावे लागते. "मूल घाबरले" हे चालत नाही. "मूल खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि चार मिनिटे काही बोलले नाही" हे चालते. इंग्लंडच्या मध्य भागातील एका शहरात गेली सहा वर्षे मी हेच काम करते. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी व्यवस्थेने नेमलेल्या दुसऱ्या कुटुंबात राहणारी मुले आपल्या जन्मदात्यांना ठरावीक दिवशी भेटतात, तेव्हा त्या खोलीच्या कोपऱ्यात बसून मी सर्व पाहते, ऐकते आणि नोंदवते. सुरुवातीला पुण्याच्या मावशीला हे समजावून सांगताना तिने विचारले होते, "म्हणजे तू तिथे जेलरीण आहेस का गं?" त्या दिवशी मला राग आला होता, पण काही आयांना मी तशीच वाटत असणार, हे मला आता ठाऊक आहे.

पुढे जे लिहिते आहे, त्यातील मुलांची वये, खुणा आणि प्रसंगांचे तपशील मी बदलले आहेत, आणि शहराचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

आपल्याकडे या विषयाची ओळख बहुतेकांना २०११ साली नॉर्वेत घडलेल्या प्रकरणातून झाली. एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले तेथील बालकल्याण विभागाने ताब्यात घेतली, आणि "हाताने भरवले म्हणून मुले नेली" एवढेच वाक्य घराघरांत उरले. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण त्यामुळे परदेशातील सरकारे मुले पळवतात अशी जी भीती आपल्या मनात घर करून बसली, तिच्यापोटी अडचणीत सापडलेली भारतीय कुटुंबे येथे वेळेवर मदत मागत नाहीत, असे मी वारंवार पाहिले आहे.

इंग्लंडमध्ये ही सर्व व्यवस्था १९८९ च्या 'चिल्ड्रन अ‍ॅक्ट'वर उभी आहे. मूल आई-वडिलांपासून दूर जाण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. कायद्याच्या विसाव्या कलमानुसार पालक स्वतः संमती देऊन मूल स्थानिक प्रशासनाकडे सोपवू शकतात, उदाहरणार्थ एकट्या आईवर मोठी शस्त्रक्रिया व्हायची असेल आणि सांभाळणारे दुसरे कोणीही नसेल तेव्हा. दुसरा मार्ग एकतिसाव्या कलमाचा. त्यात मुलाला गंभीर हानी पोहोचते आहे किंवा पोहोचण्याची शक्यता आहे, हे प्रशासनाला न्यायालयात सिद्ध करावे लागते. आई-वडिलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, मुलाच्या बाजूने एक स्वतंत्र पालक-प्रतिनिधी नेमला जातो, आणि २०१४ पासून असे खटले २६ आठवड्यांत निकाली काढावेत असा दंडक आहे, जो सर्वच ठिकाणी पाळला जातो असे मात्र नाही. मार्च २०२४ अखेर इंग्लंडमध्ये अशी सुमारे ८३,६०० मुले होती आणि त्यांतील दोन तृतीयांश फॉस्टर कुटुंबांत राहत होती. कारणांमध्ये अत्याचार आणि हेळसांड यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, पण खोलीत बसल्यावर मला त्या शब्दांमागे जे दिसते ते बहुधा दारू, मारहाण करणारा जोडीदार, उपचार न झालेला मनाचा आजार, आणि स्वतः लहानपणी याच व्यवस्थेतून गेलेली आई, असे असते.

मराठीत 'दत्तक' हा शब्द आहे, पण फॉस्टरसाठी आपल्या रोजच्या बोलण्यात नेमका शब्द नाही, आणि त्यामुळे गैरसमज होतात. दत्तक गेलेल्या मुलाचे जुने कायदेशीर नाते संपते. फॉस्टरमध्ये ते संपत नाही. न्यायालयाने केअर ऑर्डर, म्हणजे मूल प्रशासनाकडे सोपवण्याचा आदेश, दिली तरी पालकत्वाची जबाबदारी प्रशासन आणि आई-वडील यांच्यात वाटली जाते. ज्यांच्या घरी मूल रोज उठते, जेवते आणि आजारी पडते, त्या फॉस्टर केअररकडे मात्र ती जबाबदारी कायद्याने नसतेच. मुलाचे केस कापायचे, तरी अनेकदा आधी कोणालातरी विचारावे लागते.

हा केसांचा नियम मला प्रथम हास्यास्पद वाटला होता. मग एका हिंदी बोलणाऱ्या आईच्या भेटींसाठी दुभाष्यासह मला बसवण्यात आले. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा होता आणि केस डोळ्यांवर येत होते. फॉस्टर केअररने रीतसर विचारणा केली, आईने नकार दिला, आणि फाइलमध्ये नोंद झाली की आई साध्या गोष्टीतही सहकार्य करत नाही. त्या कार्यालयातील कोणालाही जावळ म्हणजे काय हे माहीत नव्हते, आणि ती बाई ते इंग्रजीत सांगू शकत नव्हती. विचारणा फोनवरून झाली होती आणि फोनवर दुभाषी नव्हता. मत लिहायला बंदी असली तरी माहिती देण्यास बंदी नाही, म्हणून मी सोशल वर्करला दोन परिच्छेदांची चिठ्ठी लिहिली. पुढच्या महिन्यात मंदिराच्या मागील खोलीत, आईच्या मांडीवर बसवून त्या मुलाचे जावळ काढले गेले. फॉस्टर केअरर, साठीतील एक इंग्रज बाई, शेजारी टॉवेल धरून उभी होती आणि काढलेले केस कोठे ठेवायचे हे तिने तीनदा विचारले. (तो खटला आई हरली, हे येथे सांगितले नाही, तर गोष्ट खोटी ठरेल.)

भेटी किती वेळा होतात हे खटल्याच्या टप्प्यावर अवलंबून असते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत खटला चालू असताना आठवड्यातून तीन-चार वेळाही भेट होते. मूल दीर्घकाळासाठी फॉस्टर कुटुंबातच राहणार असे ठरले की तीच संख्या वर्षातून सहा किंवा त्याहूनही कमी होते. दत्तक गेले, तर बहुधा वर्षातून एक-दोन पत्रे उरतात. खोलीत एक सोफा, खेळण्यांचा खोका, छोटासा ओटा आणि भिंतीवरचे घड्याळ असते. भेट दीड तासाची असेल, तर पहिली वीस मिनिटे आई आणलेल्या वस्तू बाहेर काढण्यात घालवते, कारण आठवडाभराची माया तिने पिशव्यांत भरून आणलेली असते, आणि मुलाला त्या क्षणी वस्तू नको असतात. शेवटची वीस मिनिटे दोघेही घड्याळाकडे पाहतात. मधली पन्नास मिनिटेच काय ती खरी भेट.

भेटीनंतर काय होते, हे मला फॉस्टर केअररकडून कळते. मूल रात्री अंथरूण ओले करते, शाळेत कोणालातरी चावते, किंवा दोन दिवस अजिबात बोलत नाही. "भेटीनंतर मूल अस्वस्थ होते" हे वाक्य मग बैठकींमध्ये फिरू लागते, आणि भेटी कमी करण्याचा विचार मांडला जातो. कधीकधी तो योग्यही असतो. ज्या वडिलांच्या पावलांचा आवाज ऐकताच मुलीच्या हातातला पेला पडतो, त्यांची भेट कशासाठी चालू ठेवायची? पण आपल्या माणसापासून दर आठवड्याला नव्याने दूर होणारे मूल अस्वस्थ होणार नाही, तर काय होईल? अस्वस्थता म्हणजे भीती की दुःख, हा फरक कागदावर दिसत नाही.

भावंडांच्या भेटी पाहणे मला सर्वांत जड जाते. तीन-चार मुलांना एकत्र ठेवू शकेल इतकी मोठी घरे असलेले फॉस्टर केअरर फार थोडे आहेत, त्यामुळे भावंडे विभागली जातात. नऊ वर्षांची एक मुलगी दर भेटीत प्रथम आपल्या दोन्ही धाकट्या भावांचे दात पाहत असे, मग नखे पाहत असे, आणि मगच खेळायला बसत असे. घरी तिनेच त्यांना वाढवले होते. आपल्याकडे अशा मुलीला "थोरली फार समजूतदार आहे" म्हणून शाबासकी मिळते. येथे तिच्या फाइलमध्ये ती चिंतेची बाब म्हणून लिहिली गेली होती. दोन्हींपैकी कोणते बरोबर हे मी अनेक दिवस ठरवू शकले नाही. भाऊ वेगळ्या घरी गेल्यावर ती मुलगी लहान झाली खरी, तिला बाहुलीचे घर हवेसे वाटू लागले. पण दात पाहणे तिने सोडले नाही.

फॉस्टर केअररविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात: ती देवमाणसे तरी असतात किंवा भत्त्यासाठी मुले ठेवणारी तरी. मी पाहिलेली बहुतेक माणसे दोन्ही नव्हेत. कित्येक महिने त्यांची चौकशी होते, घर, पैसा, जुनी नाती, स्वतःचे बालपण, सर्व तपासले जाते, मग एका समितीच्या शिफारशीनंतर त्यांना मान्यता मिळते, आणि एखाद्या रात्री अकरा वाजता दारात एक मूल उभे राहते, ज्याचे कपडे काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरलेले असतात. ही पिशवी या व्यवस्थेत वाढलेल्या माणसांच्या आठवणींत इतक्या वेळा येते, की माझ्या ओळखीची एक केअरर जिन्याखाली चार रिकाम्या सुटकेस कायम ठेवते. मूल आल्या दिवशी ती त्यातली एक त्याच्यासमोर ठेवते आणि सांगते की ही तुझी, येथून जाताना घेऊन जायची. आल्या क्षणी जाण्याचे बोलणे आपल्याला कठोर वाटेल. तिच्या मते मुलाच्या डोक्यात तोच विचार असतो, तो तिने फक्त जागेवर ठेवलेला असतो.

माझे वडील सातव्या वर्षापासून शिक्षणासाठी साताऱ्याला मामाकडे वाढले. आपल्या मागच्या पिढीत हे इतके सर्वसाधारण होते, की त्याला काही नाव द्यावे असे कोणाला वाटले नाही. येथील कायदाही मूल बाहेरच्यांकडे देण्याआधी आजी, मावशी, काका यांचा विचार करायला सांगतो, आणि महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेतही अशा घरांना दरमहा मदत मिळते. मामांनी वडिलांना काही कमी केले नाही. तरीही वडील आजतागायत दुसरी भाकरी स्वतःहून मागत नाहीत. आईने विचारेपर्यंत ताटावर बसून राहतात. येथील एका मुलाच्या उशीच्या अभ्र्यात केअररला बिस्किटांचे सतरा पुडे सापडल्याचे मी त्यांना फोनवर सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ते त्याच्याकडून काढून घेऊ नका म्हणावं." केअररनेही ते काढून घेतले नव्हते, तिने अभ्र्याशेजारी एक झाकणाचा डबा ठेवला होता आणि तो दर शनिवारी भरत असे.

ते बिस्किटांचे मूल म्हणजे सात वर्षांचा एक मुलगा, आणि त्याची आई दर बुधवारी साडेतीनला येत असे. एका भेटीत तिने त्याला जवळ घेतले आणि लगेच दूर केले. "याला दुसऱ्याच घराचा वास येतो," ती मला म्हणाली. माझ्याशी बोलणे अपेक्षित नसते, तरी म्हणाली. मी ते वाक्य जसेच्या तसे नोंदवले. माझ्या नोंदी सोशल वर्कर वाचतात, दोन्ही बाजूंचे वकील वाचतात, आणि मोठे झाल्यावर ते मूलही आपली फाइल मागवून वाचू शकते. शब्द निवडताना मी त्या शेवटच्या वाचकाचा विचार करते. नोंद फॉस्टर केअररपर्यंत कशी पोहोचली मला माहीत नाही, पण तिने मुलाला विचारले की घरी कपडे धुण्याची पावडर कोणत्या रंगाच्या खोक्यात असायची. जांभळ्या, तो म्हणाला. दोन दुकाने फिरून ती सापडली.

पुढच्या बुधवारी तो शाळेच्या निळ्या स्वेटरमध्ये आला. आईने त्याला जवळ ओढले, त्याच्या कॉलरशी तोंड नेले आणि तशीच राहिली. त्याने सुटण्याचा प्रयत्न केला नाही. त्या दिवशीच्या कागदावर मी लिहिले: "३.४० ते ३.४६, आईने मुलाला मिठी मारली. दोघेही बोलले नाहीत."